गार इंजिनाची रेस

दिवाळी अंकाचं काम बघणारे गुरुजी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मिस्त्री, गॅरेजातल्या गमती लिहा. लोकांना वाचायला मजा येते."

गमती आहेत. सेनगावचे एक मास्तर होते. त्यांची गाडी सुरू केली की नुसती बोंबलायची. दोन गॅरेजांत दाखवून झालं, एका महाराजाकडून अंगारा आणून बोनेटला लावून झाला, मग माझ्याकडे आले. मी बोनेट उघडलंच नाही. मास्तरीणबाईंनी पायाखाली नवीन जाड मॅट टाकली होती, ती सरकून एक्सलेटरवर चढली होती. मॅट काढून त्यांच्या हातात दिली. मास्तर आधी हसले, मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नका." मी सगळ्या हिंगोलीला सांगितलं.

अशा गमती सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. पण सुरू करताना रेस चढणारी गाडी म्हटलं की मास्तरांची गाडी मागे पडते आणि बळीरामची समोर येऊन उभी राहते. गुरुजींना ती गंमत वाटणार नाही. मला लिहायची आहे ती मात्र तीच.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला तकलीफ होणार नाही. इंजिन गार असलं की त्याला पेट्रोलही जास्त लागतं आणि हवाही जास्त लागते. म्हणून सकाळी पहिल्यांदा गाडी लावली, म्हणजे चालू केली, की तिचं इंजिन जरा जोरात चालतं. आतलं पाणी गरम व्हायला लागलं की रेस आपोआप उतरते. यात काही बिघाड नसतो. जुन्या गाड्यांना यासाठी चोक असायचा. ड्रायव्हर तो हातानं ओढायचा आणि हातानंच परत ढकलायचा. दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या दिसायला लागल्या. त्यांच्यात हे काम एका लहानशा व्हॉल्व्हकडे दिलेलं. इंजिनातलं गरम पाणी एका बारीक नळीतून या व्हॉल्व्हला शेकत जातं. व्हॉल्व्ह तापला की जादा हवेची वाट बंद करतो आणि गाडी शांत होते. तो तापलाच नाही तर त्याला वाटतं, इंजिन अजून गारच आहे. मग तो वाट उघडीच ठेवतो आणि गाडी उभ्या जागी आरडत राहते.

माझं गॅरेज हिंगोलीत, औंढा रोडला. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड. नांदेडच्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकून मी ते टाकलं होतं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी गाडीत बसलेलं नव्हतं, दुरुस्त करणं तर लांबच. त्यामुळे बोर्डावर माझं नाव लागलं तेव्हा आमचे वडील समोरच्या टपरीवर बसून दिवसभर बोर्डाकडंच बघत होते.

दादाराव मालक हे माझं मोठं गिऱ्हाईक. खत-बियाण्याचं दुकान, गावाकडं जमीन, घरात दोन ट्रॅक्टर आणि एक जीप. माणूस हसतमुख. कुणाच्याही लग्नाला, मयतीला पहिला हजर. त्यांनी नवी पांढरी गाडी घेतली आणि तिच्यावर बळीरामला ठेवलं. बळीराम साखऱ्याचा. घरी कोरडवाहू तुकडा होता, तो भाऊ बघायचा. हा आधी सेनगावच्या रस्त्यावर वडापची जीप चालवत होता. त्या जीपमध्ये माणसं टपावर बसलेली असायची, तरी त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती. बोलायला कमी. गाडी लावली की लगेच हलवायचा नाही. आधी काच पुसायचा, मग आरसा नीट करायचा. तेवढ्यात इंजिन ताळ्यावर आलेलं असायचं.

एक दिवस तो गाडी घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, सकाळी लावली का लई वरडते. उतरतच न्हाई लवकर."

मी चालू करून पाहिली. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. घरून चालवत आणलेली, तापलेली. तिच्यात काय दिसणार? म्हटलं, "आज राहू दे इथंच. सकाळी ये."

सकाळी दोघांनी मिळून लावली. काय तो आवाज! टपरीवरचा माणूस कप हातात घेऊन बाहेर आला. मी आधी एक्सलेटरची केबल पाहिली, ती मोकळी होती. हवेच्या नळ्या एकेक करून चिमटून पाहिल्या, कुठं फाटलेली नव्हती. म्हणजे जास्तीची हवा चोरवाटेनं येत नव्हती, दारातूनच येत होती. मग थांबलो. इंजिन तापू दिलं. रेडिएटरचा मोठा पाइप हाताला चटका द्यायला लागला, तेव्हा व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक नळी धरून पाहिली. गार. बळीरामचा हात धरून तिला लावला.

"अरे, ही तर थंडीच हाय," तो म्हणाला.

इंजिन बंद केलं, जरा निवू दिलं आणि नळी काढली. आत पांढरा थर. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला बसतो ना, तसा. नळीचं भोक सुई जाईल एवढंसुद्धा राहिलं नव्हतं.

"पाणी कोणतं टाकतो रे रेडिएटरमध्ये?"

"घरच्या बोअरचं. मालक म्हनले, पानी ते पानी."

आमच्या भागात बोअरचं पाणी किती जड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. तूर शिजता शिजत नाही त्या पाण्यात. त्यानं त्या गाडीची नस बंद करून टाकली होती. मी तारेनं नळी मोकळी केली, व्हॉल्व्ह खोलून धुतला. पण तो आतून धरला होता. थोडे दिवस चालला असता, पुन्हा अडकला असता. नवीनच टाकायला पाहिजे होता आणि तो औरंगाबादहून मागवावा लागणार होता.

दादाराव मालक स्वतः गाडी न्यायला आले. त्यांच्याबरोबर दुकानावरची दोन-तीन माणसं होती.

"काय मिस्त्री, घावलं का काही?"

"व्हॉल्व्ह गेलाय मालक. बदलावा लागंल."

"नवी गाडी हाय. व्हॉल्व्ह कसा जातो?"

"बोअरच्या पाण्यानं. क्षार बसलाय आत."

मालक मोठ्यानं हसले. "घरातले समदे तेच पानी पितेत. आमचे व्हॉल्व्ह गेले का?"

बरोबरची माणसंही हसली. मीसुद्धा थोडा हसलो, गिऱ्हाईक होतं. मग त्यांनी बळीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याचा पाय जड हाय. जीपवरची सवय. हा रेस देऊन राहिला आन तुमी व्हॉल्व्ह काढून राहिले."

मी त्यांना गाडीपाशी नेऊन ती नळी दाखवली, तिच्यातून पडलेला चुरा दाखवला. आणि त्यांच्या तोंडावर, बळीरामच्या समोर, साफ सांगितलं, "पार्ट येईपर्यंत गार गाडी लगेच गिअरात टाकायची न्हाई. रेस उतरल्यावरच हलवायची. न्हाईतर क्लच सोडला की उडी मारंल." दादाराव मालक "बरं बरं" म्हणाले आणि गाडीत बसले. दुकानावरची माणसं तोवर टपरीकडे गेली होती.

पार्ट मागवायला त्यांनी कधीच सांगितलं नाही. महिना झाला असेल-नसेल, बळीराम पुन्हा आला. पुन्हा धुऊन दिलं. नंतर एकदा आला तो एकटाच, पायी. मालकानं गाडी गॅरेजला न्यायला मना केलं होतं. मिस्त्री आणि ड्रायव्हर मिळून खर्च काढतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं.

"करू काय मी?" त्यानं विचारलं.

"उभी ठेव. उतरू दे. मग काढ."

"तसंच करून राहिलो. पन उभी ठेवली का मालक वरडते. म्हनते, पेट्रोल काय तुह्या बापाचं हाय का?"

"वरडू दे," मी म्हटलं. माझ्या तोंडाला सोपं होतं.

श्रावणातल्या एका सोमवारी मालक घरच्यांना घेऊन औंढ्याला गेले. पहाटे पोचले. अभिषेक झाला, मग ओळखीच्या घरी जेवण. गाडी देवळाकडच्या रस्त्याला भिंतीकडे पाठ करून लावलेली. भिंतीच्या आणि गाडीच्या मधल्या जागेत नंतर बांगड्यांचा एक हातगाडा येऊन उभा राहिला. कमलबाईचा. ती बाई दर श्रावणात तिथं असायची.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. बळीरामनं सांगितलं तसं लिहितो. दुपारी मालकांच्या मोबाइलवर दुकानातून फोन आला, तपासणीला कुणी साहेब आलेत. मालक घाईनं येऊन बसले. बळीरामनं गाडी लावली. सकाळपासून उभी होती ती, पार निवलेली. लागल्याबरोबर वरडायला लागली. हा थांबला.

"काय वाट बघून राहिला? काढ!"

"मालक, जरा उतरू द्या."

"तू मला शिकवतो का? काढ म्हनलं ना!"

समोर दुसरी जीप लागलेली होती. वळवायला जागा पाहिजे म्हणून थोडं मागं घेणं भाग होतं. त्यानं हॉर्न दिला, रिव्हर्स टाकला आणि क्लच हळूच सोडायला गेला. मालकांनी मागून सीटवर थाप मारली, "चल!" पाय सुटला.

गाड्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, कमलबाई गाडीकडे पाठ करून एका पोरीच्या हातात बांगड्या भरत होती. पोरगी बाजूला उडाली. गाडीनं हातगाड्याला मागं रेटलं आणि कमलबाई गाडा आणि भिंत यांच्यामध्ये सापडली. तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. नांदेडच्या दवाखान्यात तो काढावा लागला.

पोलीस आले. मालकांनी सांगितलं, ड्रायव्हरनं रेस जास्त दिली. मालक काय सांगणार हे मला माहीतच होतं, त्यांनी ते माझ्या गॅरेजात आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी ठाण्यात लागली. गाडी तपासायला आरटीओचे साहेब आले तेव्हा ती पोलिसांनी दुसऱ्या कामासाठी इकडे-तिकडे फिरवून पुन्हा लावलेली, तापलेली. त्यांनी ब्रेक पाहिले, स्टिअरिंग पाहिलं, इंजिन चालू करून पाहिलं. सगळं बराबर. दोष नाही, असं लिहिलं. मी ऐकल्याबरोबर सायकल काढून त्यांना गाठलं.

"साहेब, ती सकाळी बघा. गार असताना बघा एकदा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझं ऐकून घेतलं. "मला जे दिसलं ते मी लिहिलं," म्हणाले. "तुम्हाला जे माहीत आहे ते तुम्ही कोर्टात सांगा."

मला ते पटलं. मी आशेनं घरी आलो.

बळीराम जामिनावर सुटला. मालकांनी त्याला कामावरून काढलंच होतं. सुटल्यावर तो आधी नांदेडला गेला आणि कमलबाईच्या खाटेशेजारी बसून रडला. तिच्या भावानं त्याला हाकलून दिलं. मालकांकडून सफरचंदांची टोपली गेली होती, ती मात्र खाटेखाली ठेवलेली होती.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. तोवर बळीराम मिळेल ते काम करत होता. केस चालू असलेल्या ड्रायव्हरला कोण गाडी देणार? त्याची बायको एकदा आमच्या घरी आली. माझ्या बायकोनं तिला जेवायला वाढलं. तिनं घास हातात धरून मला विचारलं, "दादा, तुमी सांगसाल ना कोर्टात? तुमच्याबिगर कोनालाच ठावं न्हाई."

"सांगणार. अगदी खरं ते सांगणार," मी म्हटलं.

माझ्या मनात तर भाषणच तयार होतं. नळी, क्षार, व्हॉल्व्ह, सगळं. वाटायचं, हे एकदा त्या खोलीत नीट सांगितलं की कुणालाही कळेल. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. हाताची काळी रेघ निघावी म्हणून रॉकेलनं नखं घासली.

आमच्या वकिलानं विचारलं तसं मी सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. न्यायाधीश साहेबांनी मध्ये एकदा थांबवून पाण्याची नळी कुठून कुठे जाते ते समजून घेतलं. मग सरकारी वकील उठले. आवाज शांत, माझ्याशी बोलताना "तुम्ही" म्हणत होते.

"गाडीत दोष होता, असं तुमचं म्हणणं आहे."

"होय साहेब."

"आरोपीला तो माहीत होता?"

"होय. त्यानंच माझ्याकडे गाडी आणली."

"गार असताना गाडी लगेच गिअरमध्ये टाकू नको, उडी मारेल, असं तुम्ही त्याला बजावलं होतं?"

"होय साहेब. मालकांनाबी बजावलं होतं."

"मालक असताना तिथे आणखी कुणी होतं?"

"बळीराम होता."

"म्हणजे आरोपी. बरं. आरोपीला तुम्ही किती वेळा सांगितलं?"

"लई वेळा. दर वेळी."

हे मी छाती पुढे काढून सांगितलं. मला वाटत होतं, बळीराम किती काळजी घेणारा माणूस आहे ते मी सांगतोय.

"आणि तरीही त्या दिवशी त्याने गार गाडी गिअरमध्ये टाकली?"

"मालकानं घाई केली साहेब, म्हनून..."

"तुम्ही तिथे होतात?"

"न्हाई."

"मग तेवढं राहू द्या."

ते खाली बसले. मला अजून कळलेलं नव्हतं. मी बळीरामकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

त्यानंतर न्यायाधीश साहेबांनी परत बोलावलं म्हणून दादाराव मालक उभे राहिले. गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, ते ड्रायव्हर बघतो, आपल्याला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, असं म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. बोलताना माझ्याकडे बघून जराशी मानही हलवली, बाजारात भेटल्यावर हलवतात तशी.

निकाल लागला. काही महिन्यांची कैद आणि लायसन गेलं. निकालात काय आहे ते आमच्या वकिलानं मला बाहेर व्हरांड्यात समजावून सांगितलं. गाडी धोक्याची आहे हे आरोपीला चांगलं माहीत होतं, तशी ताकीद त्याला जाणकार माणसानं वारंवार दिली होती, तरीही त्यानं ती बेफिकिरीनं हलवली. तो जाणकार माणूस म्हणजे मी. गाडीत दोष नव्हता असं ठरलं असतं तर पाय चुकला म्हणून तरी बघता आलं असतं, असं वकील म्हणाले. हे त्यांना आधी सुचलं नव्हतं का, असं मी विचारलं. त्यांना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं.

कमलबाईला विम्याचं मिळायचं ते फार उशिरा मिळालं. ती आता औंढ्याला दुकानाच्या पायरीवर बसून बांगड्या भरते. मी एकदा बायकोबरोबर गेलो होतो. बायकोनं बांगड्या भरल्या. मी कोण ते आम्ही सांगितलं नाही.

मालकांच्या विरोधात कोर्टात उभा राहिलो म्हणून माझी बरीच गिऱ्हाइकं तुटली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. रस्त्यानं जाताना हात करायचे आणि गाडी दुसरीकडे टाकायचे. ते मी सोसलं. ज्यानं झोप उडवली ते वेगळंच.

बळीराम अजून जेलात होता तेव्हाची गोष्ट. ती पांढरी गाडी माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली. नवीन ड्रायव्हर होता. खाली उतरून त्यानं एक लहान खोकं माझ्या हातात दिलं.

"मालकानं पाठवलं. म्हनले, हा पार्ट टाकून घे. दुसऱ्या मिस्त्रीला जमत न्हाई म्हने."

खोकं उघडलं. आत व्हॉल्व्ह होता, कोरा करकरीत. औरंगाबादहून आणलेला. बरोबर हिरव्या कूलंटचा डबाही होता.

म्हणजे त्या दिवशी नळीतला चुरा दाखवला तेव्हा माणसाला सगळं समजलं होतं. हसला होता, पण समजलं होतं. मी खोकं पुन्हा बंद केलं. परत पाठवावं वाटलं. पण समोर तो नवीन ड्रायव्हर उभा होता. कपाळाला अष्टगंध, खिशात कंगवा. मी विचारलं, "सकाळी वरडते का रे?"

"लई. भ्याव वाटते गिअर टाकायला."

मग मी टाकून दिला. पाण्याच्या सगळ्या वाटा धुतल्या, नवीन नळ्या बसवल्या, कूलंट भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी लावली. जरा जोरात चालली, आणि थोड्या वेळानं हळूहळू उतरत शांत झाली. कारखान्यातून आल्यासारखी. माझ्या हातचं ते चांगलं काम होतं. तसं काम झालं की मी टपरीवर जाऊन स्वतःसाठी एक चहा सांगत असे. त्या दिवशी सांगितला नाही.

पुढं काही वर्षांनी वाशीमहून येताना कनेरगाव नाक्याला जेवायला थांबलो. धाब्यावर ताटं लावणारा माणूस पाणी घेऊन आला, तो बळीराम. केस पिकले होते. मला बघून जग खाली ठेवला.

"कसा हायेस?"

"हाये."

"घरचे?"

"बरे हायेत. थोरलं पोरगं पुन्याला गेलं."

मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही. मग एवढी वर्षं मनात साठलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "बळीराम, मी तुझ्यासाठीच आलो होतो रे कोर्टात. एक शब्द खोटा बोललो न्हाई."

"म्या कवा म्हनलं, खोटं बोलले?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमी खरं बोलले. मालक सुटले, तुमचं इमान बी राहिलं. कमलबाईला कसं का होईना, विम्याचं भेटलं. समद्याचं झालं, मिस्त्री. मी तेवढा राहिलो."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो," म्हणाला. माझ्यापुढं ताट ठेवलं, कांदा-लिंबू ठेवलं आणि दुसऱ्या टेबलाकडं गेला. मी जेवलो. ताटात टाकून उठणं त्याच्यासमोर बरं दिसलं नसतं.

आता मी वाशीमला जातो तेव्हा कनेरगावला थांबत नाही.